टपालातला कारकून आणि माझे चौदा ‘असणार’



पीएचडीच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मी गाईड मॅडमना दिला आणि आठ दिवसांनी तो परत मिळाला. समासात फारसं काही लिहिलेलं नव्हतं. सहा पानांवर मिळून चौदा लाल गोल होते आणि प्रत्येक गोलात एकच शब्द अडकला होता : ‘असणार’. शेवटच्या पानाखाली एक ओळ होती : ‘असणार हा पुरावा नाही.’

ती सहा पानं होती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या टपाल खात्यातल्या नोकरीवर. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतेय. तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल किंवा पेटची तयारी करत असाल, तर चरित्रात्मक संशोधनात पाय कुठं घसरतो हे माझ्या घसरण्यावरून कळेल. वाटेत एक जर्मन माणूसही भेटेल आणि आपलं कोल्हापूरही येईल.

आधी माणूस ओळखू

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी आधी रेल्वेत आणि मग टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. लोखंडे त्याचे मुंबईतले आघाडीचे कार्यकर्ते बनले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० मध्ये लोखंडे यांनी मुंबईत आणलं आणि शेवटपर्यंत चालवलं. १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा, अर्ज आणि चौकशी आयोगांपुढची बाजू या सगळ्यात ते पुढे होते. १८९५ मध्ये सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगमध्ये, रुग्णांची सेवा करत असतानाच, ते गेले.

त्यांना ‘राजकारणी’ म्हणायचं का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. निवडणूक, पक्ष, जाहीरनामा असलं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण राज्यकर्त्यांकडून कायदा करून घेणं, त्यासाठी माणसं जमवणं, आणि ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्या वतीनं बोलणं, याला राजकारण नाही तर काय म्हणायचं? माझ्या प्रबंधात मी हा शब्द याच अर्थानं वापरते आणि तसं पहिल्याच पानावर सांगते. तुम्हीही महत्त्वाच्या शब्दाचा अर्थ आधी ठरवून टाका. नाहीतर व्हायवामध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

एक वाक्य आणि सहा पानं

लोखंडे यांच्यावर मराठीत लिहिलं गेलंय. मनोहर कदम यांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, फुले यांच्या चरित्रांतही ते भेटतात. पण टपालातल्या नोकरीला बहुतेक ठिकाणी एखादं वाक्य मिळतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुढे हजारो सह्यांचा अर्ज करणारा माणूस आधी टपालात होता! केवढा छान धागा!

मग मी लिहीत सुटले. लोखंडे रोज शेकडो पत्रं हाताळत असणार. पत्त्यांवरून कामगार कुठल्या जिल्ह्यातून आलेत हे त्यांना कळत असणार. निरक्षर माणसांची पत्रं ते लिहून देत असणार. घरी पैसे पाठवणाऱ्या मजुरांचे चेहरे ते बघत असणार. आणि माझं सगळ्यात लाडकं वाक्य : स्वस्त पोस्टकार्डामुळे गरीब माणूस लिहू लागला हे त्यांनी काउंटरवरून पाहिलं असणार.

मॅडमनी या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. ‘पोस्टकार्ड भारतात कधी आलं?’ मी म्हटलं, १ जुलै १८७९, किंमत पाव आणा. ‘मग १८८० मध्ये ‘दीनबंधु’ हातात घेणारा आणि मध्ये गिरणीत नोकरी केलेला माणूस तेव्हा टपालात होता?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांच्या हातात पोस्टकार्ड दिलं होतं ते केवळ वाक्य चांगलं दिसतंय म्हणून.

इथं एक साधा नियम मी शिकले, तो वहीत लिहून ठेवा. खात्याबद्दल लिहायचं तर वाक्याचा कर्ता खातंच ठेवा. ‘१८५४ मध्ये टपाल खात्यानं देशभर अंतर न बघता अर्ध्या आण्यात पत्र पोचवायला सुरुवात केली’ हे वाक्य ठीक आहे, ते तपासता येतं. ‘लोखंडे यांनी या बदलाचं महत्त्व ओळखलं’ असं लिहिलं की कर्ता बदलला आणि पुराव्याची मागणीही बदलली. मसुदा वाचताना प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधा. निम्म्या चुका तिथंच सापडतात.

बर्लिनचा दुसरा कारकून

आता तुम्ही म्हणाल, टपालातला कारकून म्हटलं की माहिती कमीच मिळायची. तसं नाही. त्याच काळातला दुसरा एक कारकून बघा.

हाइनरिश फोन स्टेफान. जन्म १८३१, प्रशियातलं श्टोल्प गाव, जे आज पोलंडमध्ये आहे. शिंप्याचा मुलगा. १८४८ मध्ये, म्हणजे लोखंडे जन्मले त्या वर्षी, सतरा वर्षांचा असताना तो गावच्या टपाल कचेरीत कारकून म्हणून लागला. १८६५ च्या टपाल परिषदेत त्यानं पाकिटाशिवाय जाणाऱ्या उघड्या पत्राची कल्पना मांडली. ती तेव्हा मानली गेली नाही. १८६९ मध्ये ऑस्ट्रियानं जगातलं पहिलं पोस्टकार्ड काढलं आणि पुढच्या वर्षी स्टेफानच टपाल खात्याचा प्रमुख झाल्यावर जर्मनीतही ते आलं. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथं २२ देशांनी एकत्र येऊन टपालाचा करार केला, त्यामागचा मुख्य माणूस हाच. त्यातूनच जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि १८७६ मध्ये भारतही त्यात गेला. स्टेफान प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात बसला, सरदारकी मिळवली, शेवटी मंत्रिपदाचा दर्जा मिळवला. टपालाच्या भाषेतले शेकडो परके शब्द काढून त्यानं जर्मन शब्द रुजवले.

या माणसाची नोकरी कुठं, कधी, कोणत्या हुद्द्यावर, हे वर्षावार सांगता येतं. का? एक तर तो खात्यातच राहिला आणि खात्याच्या डोक्यावर जाऊन बसला. कुठलंही खातं आपल्या साहेबाचे कागद जपून ठेवतं. दुसरं म्हणजे १८५९ मध्ये त्यानं स्वतःच प्रशियाच्या टपालाचा इतिहास लिहिला. आणि १८७२ मध्ये बर्लिनमध्ये टपालाचं संग्रहालयच काढलं! आपल्या संस्थेचा इतिहास कोणत्या वस्तूंवरून लिहिला जाईल, हेसुद्धा त्यानं जिवंतपणी ठरवून टाकलं.

लोखंडे यांच्याबाबतीत नेमकं उलटं झालं. ते खातं सोडून गेले. वसाहतीच्या सरकारी खात्यात खालच्या जागेवरचा एक देशी नोकर नोकरी सोडून गेला, त्याचं चरित्र कोण सांभाळणार? तुलना करण्यामागचा माझा हेतू स्टेफान मोठा की लोखंडे मोठे हे ठरवण्याचा नाही. दोन माणसांबद्दल कागद कमी-जास्त का उरतो, हे समजून घेण्याचा आहे. तुलनात्मक पद्धत वापरताना ‘साम्य’ आणि ‘फरक’ अशी दोन रकान्यांची यादी करून थांबू नका. फरकाचं कारण विचारा. मला त्यातूनच पुढची वाट सापडली.

मग लोखंडे कुठं सापडतात?

जिथं ते सरकारला उद्देशून लिहितात, तिथं. काउंटरच्या आतल्या बाजूनं लोखंडे दिसत नाहीत, पण बाहेरच्या बाजूनं, अर्जदार म्हणून, ते स्पष्ट दिसतात.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढीच त्याची धाव. मोठ्या माणसांच्या तासांवर काही बंधन नव्हतं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची. १८८४ मध्ये मुंबई सरकारनं चौकशी आयोग नेमला तेव्हा लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या. तिथं ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या बघा :

आठवड्यातून रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अपंग झाला तर निर्वाहाची सोय.

या यादीत मोठा शब्द एकही नाही. सगळं वार, तास आणि तारखांमध्ये आहे. म्हणूनच ते नाकारणं मालकांना अवघड गेलं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालक संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या मुंबईतल्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेतलं गेलं. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. १८८४ ची यादी आणि १८९१ चा कायदा शेजारी ठेवून वाचा. काय मिळालं आणि काय राहिलं हे स्वतःच खुणा करून बघा. जखमी कामगाराच्या पगाराची मागणी मात्र तशीच राहिली.

आता यात टपालातल्या कारकुनीचा वाटा किती? मला आजही वाटतं की असेल. पण प्रबंधात मी ते ‘वाटणं’ म्हणूनच एका वाक्यात ठेवलंय.

कोल्हापूरचं प्रकरण

आता आपल्या गावाकडे येऊ, कारण कागदावर किती विसंबायचं याचा धडा कोल्हापूरनं १८८२ मध्येच दिला होता.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते आणि त्यांच्या मनःस्वास्थ्याचं कारण पुढे करून कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हातात होता. महाराजांचा छळ होतोय अशी चर्चा होती. बर्व्यांची म्हणून काही पत्रं बाहेर आली आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ या नव्या पत्रांनी बर्व्यांवर झोड उठवली. बर्वे कोर्टात गेले. तिथं ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले.

गंमत पुढे आहे. खटला चालू असताना टिळक-आगरकरांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे या सत्यशोधकानं. आणि २६ ऑक्टोबर १८८२ ला दोघं सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतात लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी पुढे होती. पुढच्या काळातली टोकाची भांडणं डोक्यात ठेवून १८८२ वाचलं तर हे दृश्य पटतच नाही. पण घडलं ते असं. छत्रपतींच्या गादीचा प्रश्न या दोन्ही गटांना आपला वाटला. काही वर्षांतच फॅक्टरी कायद्याच्या प्रश्नावर हेच लोक समोरासमोर आले. हा कायदा मँचेस्टरच्या मालकांना हवाय, त्यानं देशी गिरण्या बुडतील, असं ‘केसरी’-‘मराठा’ म्हणत होते. मँचेस्टरचा स्वार्थ त्यात होताच, ते खोटं नव्हतं. पण चौदा तास उभ्या राहणाऱ्या बाईला अर्धा तास मिळत असेल तर तो का सोडायचा, ही लोखंडे यांची बाजू होती.

बर्व्यांच्या खटल्यातून दोन गोष्टी घ्या. एक, आपल्याला जे सिद्ध करायचंय तेच सांगणारा कागद हाती आला तर तो दोनदा तपासा. टिळक-आगरकरांसारखी माणसंही तिथं फसली. दोन, माणसांचे गट नंतरच्या नकाशावरून ठरवू नका.

‘पहिला’ म्हणण्याआधी

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही लोखंडे यांची संघटना. कोणी तिचं वर्ष १८८४ देतं, कोणी १८९०. तिला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण तिच्याकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणीचा निधी नव्हता, लिखित नियम नव्हते, लोखंडे हेच सल्लागार म्हणून काम बघायचे, अशी नोंद १८९० च्या दशकातल्या सरकारी अहवालातच आहे. या आधारावर काही अभ्यासक तिला संघटना मानत नाहीत.

तुम्ही काय कराल? आजच्या व्याख्येनं मोजून तिला बाद कराल, की अभिमानानं ‘पहिली’ लिहून मोकळे व्हाल? मी दोन्ही टाळलं. ५,५०० सह्या आणि दहा हजारांची सभा हे काम नोंदवहीशिवाय झालं, एवढं मी लिहिलं. ते कसं झालं हा माझा संशोधन प्रश्न झाला. वादाचा निकाल लावता येत नसेल तर त्यातून प्रश्न काढता येतो.

रविवारचंही तसंच. दरवर्षी १० जून आला की ‘भारताला रविवारची सुट्टी लोखंडे यांनी मिळवून दिली’ असे संदेश फिरतात. सरकारी कचेऱ्या आधीपासूनच रविवारी बंद असायच्या. लोखंडे यांनी ती सुट्टी गिरणी कामगारांपर्यंत आणली. दावा लहान केला तर काम लहान होत नाही, उलट नेमकं दिसतं : साहेबाला जे न मागता मिळत होतं ते कामगाराला सहा वर्षं मागावं लागलं. रविवार हा खंडोबाचा वार आणि आपल्याकडे जोतिबाचाही. त्यामुळे ही मागणी नुसती साहेबाची नक्कल नव्हती, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नायकाशी भांडण झालं तर

लोखंडे यांच्याबद्दल मनात आदर ठेवून काम करताना एक जागा मला फार बोचली. १८८३ मध्ये फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. ‘दीनबंधु’नं त्याची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढचं छापायचं थांबवलं. फुले चिडले आणि त्यांनी पुस्तकातच आपली नाराजी नोंदवली. जवळच्या सहकाऱ्याला त्यांनी भित्रा ठरवलं.

पहिल्या मसुद्यात मी हा प्रसंग तळटीपेत ढकलला होता. मॅडमनी तो वर आणायला लावला. बरं झालं. कारण लोखंडे कसं काम करायचे हे तिथंच कळतं. ते सरकारला अर्ज करत होते, आयोगात बसणार होते, पत्र चालू ठेवायचं होतं. तिखट लिखाणाची किंमत त्यांना मोजावी लागली असती. फुले यांना ती किंमत मोजायची होती, लोखंडे यांना नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे मी ठरवलेलं नाही. पण ज्या सावधपणावर फुले संतापले, त्याच सावधपणानं १८८४ चा अर्ज लिहिला गेला, असं मला वाटतं. आणि सावध म्हणजे गप्प नव्हे. १८९० मध्ये विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांना संपावर उभं करण्यात हेच लोखंडे होते.

तुमच्या विषयातला नायक जिथं तुम्हाला अडचणीत टाकतो, ती जागा लपवू नका.

शेवटी

१८९७ साल. ९ फेब्रुवारीला मुंबईत लोखंडे गेले. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ८ एप्रिलला बर्लिनमध्ये स्टेफान गेला. स्टेफानच्या मागे त्याचं खातं आणि त्याचं संग्रहालय होतं.

लोखंडे यांना त्यांच्या जुन्या खात्यानं आठवायला १०८ वर्षं लागली. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. त्याचा फोटो मी माझ्या टेबलासमोर चिकटवलाय. त्या चेहऱ्याकडे बघून अजूनही वाटतं की काउंटरमागं बसून त्यांनी काय काय पाहिलं असणार. वाटू द्यावं. त्या वाटण्यातूनच तर माणूस रेकॉर्ड रूमच्या धुळीत चार-चार तास बसतो.

माझी सहा पानं आता दीड पान झालीत. त्यात नोकरीचं एक वाक्य आहे, टपाल खात्याचा एक परिच्छेद आहे आणि बाकी सगळा १८८४ चा अर्ज आहे. ‘असणार’ एकदाच आलाय आणि त्याच्या आधी ‘माझ्या मते’ लिहिलंय.

आज रात्री तुमचा मसुदा उघडा आणि ‘असणार’, ‘निश्चितच’, ‘साहजिकच’ हे तीन शब्द शोधा. किती निघाले ते मोजा, आणि प्रत्येकापुढं कागद कुठला ते लिहा. जिथं कागद नाही, तिथं अजून काम बाकी आहे.